पाऊण टन

तीन वर्षांपूर्वी बडोद्यातल्या एका वाचनालयात आम्ही अनुवादाची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. सरावासाठी मी जॉन स्टाइनबेकच्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'ची सुरुवातीची काही पाने निवडली होती. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्टाइनबेकला वाटले की ज्या देशाविषयी आपण लिहितो तो आपण कित्येक वर्षांत पाहिलेलाच नाही. त्याने एका ट्रक कंपनीला पत्र लिहून हवी तशी गाडी मागवली, तिच्या पाठीवर छोट्या बोटीतल्या केबिनसारखे घर बसवून घेतले, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनांतेचे, नाव दिले आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला शेजारी बसवून तो निघाला. गाडी जीएमसी कंपनीची होती, 'थ्री-क्वार्टर-टन पिकअप'. माझ्या नमुना-अनुवादात मी तिला 'छोटा टेम्पो' केले होते.

तिसऱ्या रांगेतले एक काका उठून उभे राहिले. पंचाहत्तरीच्या पुढचे, मुलाकडे बडोद्याला राहायला आलेले. तरुणपणी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रकांच्या जुळणीवर त्यांनी काम केले होते. ते म्हणाले, "ताई, तुमचं भाषेचं आम्हाला कळत नाही. पण पाऊण टनाला टेम्पो म्हणू नका. त्या गाडीचा पाटा पाहिलाय का तुम्ही कधी?"

मी पाहिला नव्हता. आणि 'पाऊण टन' हे दोन शब्द मला सुचले नव्हते, याची मला जास्त लाज वाटली. हिंदीत पौन, गुजरातीत पोणो, बंगालीत पौने, तमिळ-कन्नडमध्ये मुक्काल-मुक्कालु. 'तीन-चतुर्थांश'साठी आपल्या बहुतेक भाषांकडे एकेक शब्द वापरून गुळगुळीत झालेला पडून आहे. इंग्रजीला जे जोडून जोडून म्हणावे लागते ते आपण पाऊण वाटी साखरेइतक्या सहज म्हणतो. तो शब्द बाजूला ठेवून मी टेम्पो उचलला होता.

टेम्पोची गोष्टही सांगण्यासारखी आहे. हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या तीनचाकी मालगाड्यांचे ते व्यापारी नाव. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली, गाड्या रस्त्यावर आल्या आणि मराठीत विशेषनामाचे सामान्यनाम झाले. आज कुठल्याही कंपनीची लहान मालगाडी टेम्पोच असते. २००५ साली टाटांची 'एस' आली तेव्हा मात्र लोकांनी तिला टेम्पो न म्हणता 'छोटा हत्ती' केले. म्हणजे माल वाहणाऱ्या गाडीचे बारसे करायला आपल्याला अडचण येत नाही. अडचण येते ती ज्या गाडीत एकच माणूस बसतो, जी त्याच्या मालकीची असते, जिच्यात सोमवारी खताची पोती असतात आणि रविवारी बायकामुले चर्चला जातात, त्या गाडीला काय म्हणायचे याची. आपल्याकडे टेम्पोचा मालक आणि टेम्पोचा ड्रायव्हर हे बऱ्याचदा दोन वेगळे लोक. अमेरिकन पिकअपमध्ये ते दोघे एका कातड्यात राहतात.

ही गाडी कारखान्याच्या आधी शेतावर जन्मली. फोर्डच्या मॉडेल टीची मागची बाजू कापून तिथे लाकडी पेटी ठोकायची, हा उद्योग शेतकरी आणि गावातले लोहार कंपनीच्या कितीतरी आधीपासून करत होते. फोर्डने एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी काढली, किंमत २८१ डॉलर. तरी कापाकापी थांबली नाही. पुढे मंदी आली, धूळवादळे आली, आणि ज्यांना २८१ डॉलर दिसणेही शक्य नव्हते त्यांनी जुन्या मोटारी कापल्या. स्टाइनबेकच्याच 'ग्रेप्स ऑफ रॅथ'मधले जोड कुटुंब ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला जाते ते हडसन सुपर-सिक्स या मोटारीतून, तिचे छप्पर मधोमध कापून मागे हौदा बसवलेला. १९३९ सालची ती कादंबरी मी एम.ए.ला असताना दोनदा वाचली. त्या गाडीविषयी वर्गात कुणी एक शब्द काढल्याचे आठवत नाही. आम्ही बायबलची प्रतीके शोधत होतो.

अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही वर्गवारी मुळात सरळ हिशेबाची होती, हौद्यात साधारण किती वजन घालायचे ते सांगणारी. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, म्हणजे आपल्या ९०७ किलोंचा. त्याचे पाऊण म्हणजे १,५०० पौंड, सुमारे ६८० किलो. १९४८ साली फोर्डने युद्धानंतरची नवी मालिका काढली त्यात एफ-१ अर्ध्या टनाची, एफ-२ पाऊण टनाची. १९५३ मध्ये आकडे फुगवून एफ-१००, एफ-२५० आणि एफ-३५० केले. अर्धा टन ही घरगुती गाडी झाली. पाऊण आणि एक टन कामाची. बाहेरून पाहिले तर टपावरून, बोनेटवरून, दारांवरून फरक फारसा कळत नाही. तो खाली असतो. पाटे जाड आणि संख्येने जास्त, मागचा आस भक्कम, ब्रेक मोठे. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत अर्ध्या टनाच्या चाकाला सहा नट आणि पाऊण टनाच्या चाकाला आठ. काकांनी पाट्यावर बोट ठेवले ते उगाच नाही.

या अवजड फळीतली सगळ्यांत निर्विकार गाडी म्हणजे डॉजची पॉवर वॅगन. युद्धात डॉजने सैन्यासाठी पाऊणटनी चारचाकी-ओढीच्या गाड्या काढल्या होत्या. शांतता झाल्यावर १९४६ मध्ये त्याच बांध्याची एकटनी गाडी नागरिकांना विकायला ठेवली. वीजमंडळे, तेलविहिरी, जंगलखाते, गुरांचे मोठे मळे यांनी ती घेतली. तिच्या रूपात १९६८ पर्यंत जवळजवळ काहीही बदल झाला नाही, आणि तो काळ मोटारींना दर वर्षी नवीन शेपटी फुटण्याचा होता.

पुढचा इतिहास बऱ्याच अंशी कायद्यांनी घडवला आहे, आणि त्यात विनोदही कमी नाही. साठीच्या सुरुवातीला युरोपच्या सामाईक बाजारपेठेने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात बसवली. स्टार्च आणि ब्रँडी कालांतराने सुटले, ट्रक अडकले ते अडकलेच. परदेशी पिकअपला अमेरिकेत शिरणे कठीण झाले आणि देशी कंपन्यांना निवांत अंगण मिळाले. जपानी कंपन्या बराच काळ हौद्याशिवायची गाडी आणून हौदा अमेरिकेत बसवत. सुबारूने तर आपल्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात दोन खुर्च्या बसवल्या आणि ती प्रवासी मोटार आहे असे दाखवले. फोर्डने १९७५ मध्ये एफ-१५० काढली तीही अशीच. एकूण भारक्षमता ६,००० पौंडांच्या जरा वर नेली की धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राचा त्या वेळचा नियम लागू होत नसे. म्हणजे अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या ट्रकच्या नावातला आकडा एका पळवाटेचा पत्ता आहे.

१९७३ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने एकटनी पिकअपला मागे जोडचाके आणि चार दारांची केबिन दिली. १९८९ मध्ये डॉजच्या पाऊण आणि एकटनी गाड्यांत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन आले, जे मुळात शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांच्या जातीचे. तिथून ओढण्याच्या ताकदीची चढाओढ लागली ती अजून चालू आहे. आजची पाऊणटनी म्हणवणारी गाडी अमेरिकन दीड-दोन टन सहज पेलते. नाव तेवढे जुने राहिले. आपण १९५७ ला आणे सोडले तरी पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिलो, तसे. आणि तिच्यात खताची पोती कितपत चढतात हा प्रश्नच आहे. चामड्याच्या गाद्या आणि चार दारे देता देता हौदा आखूड होत गेला. मला ही गाडी आवडू लागली आहे हे कबूल करूनही सांगते, की शहराच्या रस्त्यावर एकट्या माणसाला कचेरीत नेणारी तीन टनांची गाडी ही कष्टाची वेशभूषा आहे.

तर, पाटा पाहायचा होता. बडोद्यात १९६० सालची जीएमसी मिळणार कुठे? खरी रोसिनांते कॅलिफोर्नियात सालिनास गावी, स्टाइनबेकच्या नावाच्या केंद्रात, गडद हिरव्या रंगात उभी आहे. काका म्हणाले, "मॉडेल आणा की. पोरं करतात ना, चिकटवून." अमेरिकेहून येणाऱ्या एका मैत्रिणीने १९६० च्या शेव्हरोले पिकअपचे १/२५ मापाचे प्लास्टिक किट आणले. शेव्हरोले आणि जीएमसी एकाच घरातल्या. केबिन तीच, तोंडावरची जाळी वेगळी, इंजिन वेगळे. काकांना हे समजावून सांगावे लागले नाही. "आमचं डॉज आणि फार्गो तसंच. बिल्ला बदलला की गाडी बदलली."

किटचा स्वतःचा इतिहास डेट्रॉइटच्या पोटात सुरू होतो. १९२७ पासून हॅर्ली अर्ल यांनी जनरल मोटर्समध्ये नव्या गाडीचे रूप मातीच्या नमुन्यांवर ठरवायला सुरुवात केली, म्हणजे तिथे प्रतिकृती आधी येते आणि गाडी मागून. १९३० पासून त्याच साम्राज्यातल्या फिशर बॉडी कंपनीने मुलांसाठी स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची, नंतर स्वतःच्या कल्पनेतली मोटार. बक्षीस म्हणून विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या. त्यातून पुढे कित्येक जण मोटारींचे रचनाकार झाले. १९६८ पर्यंत चाललेल्या या स्पर्धेत प्रवेश फक्त मुलग्यांना होता. हे वाचले तेव्हा माझ्या हातात कानस होती, आणि ती मी जरा जोरातच चालवली.

१९४८ साली वेस्ट गॅलॉग्ली नावाच्या वकिलाने मिशिगनमध्ये अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज, म्हणजे एएमटी, ही कंपनी काढली. फोर्डच्या नव्या मोटारीची छोटी अॅल्युमिनियमची प्रतिकृती करायची आणि ती विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना द्यायची, असा तो धंदा. लवकरच अॅल्युमिनियम जाऊन प्लास्टिक आले. खऱ्या गाड्यांच्या रंगांत निघणाऱ्या या प्रतिकृतींना 'प्रोमो' म्हणत. वडील शोरूममध्ये हप्त्यांचे बोलणार आणि मुलगा खिशात गाडी घालून घरी जाणार. पन्नाशीच्या दशकात त्या अॅसिटेटच्या असत आणि वर्षानुवर्षांनी वाकत. आज संग्राहकांकडच्या कित्येक प्रोमोंची पाठ म्हाताऱ्या बैलासारखी खचलेली दिसते. १९५८ मध्ये एएमटीने तेच साचे वापरून सुटे भाग विकायला काढले. एका खोक्यात तीन गाड्या: कारखान्यातून आली तशी, सजवलेली, किंवा शर्यतीची. मूळ संहिता, रूपांतर आणि विडंबन एकाच किमतीत. अशी सोय माझ्या प्रकाशकांनी मला कधी दिली नाही.

साचा करण्याची पद्धत मला फार आवडली. आधी लाकडात मोठा नमुना कोरायचा, पुष्कळदा १/१० मापाचा. मग पँटोग्राफची एक सुई त्या नमुन्यावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाला कातण्याचे हत्यार तीच रेघ पोलादात लहान करून उतरवते. पोलादाचा साचा महाग, त्यामुळे दर वर्षी गाडीचे रूप बदलले की तोच साचा पुन्हा कोरत. पाटीवर नवीन लिहायला जुने पुसावे तसे. म्हणून काही वर्षांच्या गाड्या कायमच्या गेल्या. त्या पुन्हा काढायच्या तर साचा पहिल्यापासून करावा लागतो. पुढे एएमटी लेस्नीकडे आणि त्यांच्याकडून आयोवातल्या डायर्सव्हिलच्या अर्टलकडे गेली. अर्टल मूळची खेळण्यातले ट्रॅक्टर करणारी, मक्याच्या शेतांमधली कंपनी. पिकअप अशी फिरून शेतावर आली.

तरीही माझ्या कामाची गोष्ट किटांत मिळेना. मुलांना विकायची ती गाडी छानछोकीची हवी, म्हणून किटांमधल्या जुन्या पिकअप प्रामुख्याने अर्ध्या टनाच्या, आखूड हौद्याच्या. जोडचाकांच्या फोर्ड एफ-३५० सारखी किटे नंतर आली, पण १९६० सालची पाऊणटनी कामकरी गाडी हवी तर ती आपणच घडवायची. माझ्या किटचा हौदा आखूड होता. खऱ्या गाडीत दोन चाकांमधले अंतर ११५ इंचांवरून १२७ वर न्यायचे होते, म्हणजे बारा इंच. पंचविसाने भागले की १२.२ मिलिमीटर. मी आयुष्यात पहिल्यांदा चासी कापली.

कापण्याआधीच एक अपघात झाला होता. किट आणल्यावर दोन उन्हाळे ते खोके माळ्यावर पडून होते. टायर मऊ व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरीनला विरघळवते, हे मला ठाऊक नव्हते. पिशवीत एक टायर बोनेटला टेकून बसला होता. उघडून पाहते तो बोनेटवर टायरची नक्षी खोल उमटलेली, जणू गाडी स्वतःच्याच अंगावरून गेली. गॅरेजमध्ये ज्याला लांबी म्हणतात ती भरून, वाळवून, घासून, पुन्हा भरून तीन आठवडे त्यात गेले. चिकटवण्याचा द्रवही असाच. तो डिंक नव्हेच, दोन्ही बाजूंचे प्लास्टिक जरासे वितळवून एकमेकांत मुरवतो. जोड चुकला तर सोडवता येत नाही, तोडावाच लागतो.

पाटे मी प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांचे केले. किटमधल्या पाट्यावर आणखी तीन पाती चढवली. मग नट. षट्कोनी प्लास्टिकची काडी मिळते, तिचे ब्लेडने काप काढायचे. चार चाके, प्रत्येकी आठ, एकूण बत्तीस. एकेक काप मोहरीहून लहान. दोन-तीन उडून गेले ते आजतागायत सापडलेले नाहीत. जीएमसीची जाळी तारेची आणि पट्ट्यांची केली, ती चांगली जमली असे म्हणवत नाही. जीएमसीने त्याच वर्षी आणलेले व्ही-६ इंजिन करणे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे होते. मी बोनेट चिकटवून टाकले. ज्या वाक्याचा अर्थ लागत नाही त्यावर सफाईदार मराठी ओतायची ही माझी जुनी खोड.

रंगाच्या वेळी प्रश्न आला झिजेचा. मॉडेल करणारे लोक गंज, चिखल, पोपडे यांत फार रमतात. मिठाचे खडे चिकटवून त्यावर रंग मारायचा आणि नंतर खडे घासून काढायचे, की खालचा गंजका रंग ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतो. पण रोसिनांते कितपत झिजली होती? पुस्तकाप्रमाणे ती दहा हजार मैलांच्या आसपास फिरली. बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने २०१० मध्ये तोच मार्ग पुन्हा धरला आणि पत्रे, हस्तलिखित वगैरे ताडून पाहिले, तेव्हा निघाले की स्टाइनबेक त्या गाडीत फार थोड्या रात्री झोपला होता. पुष्कळशा रात्री हॉटेलांत आणि नातेवाइकांकडे, आणि काही संवाद कल्पनेतले असणार. पुस्तकाच्या पन्नाशीच्या आवृत्तीत प्रस्तावनाकार जे पारीनी यांनीही ते शब्दशः खरे धरू नका असे लिहिले. हे कळल्यावर मी पंधरा दिवस ब्रश उचलला नाही. ज्या गाडीचे बत्तीस नट मी डोळे फोडून बसवले, तिच्या मालकाने संवाद रचले होते, याचा राग आला. मग वाटले, पाटा तरी खोटा नव्हता. घर पाठीवर घेऊन दहा हजार मैल, म्हणून त्याला अर्ध्या टनाची गाडी चालणार नव्हती, आणि पत्र लिहिताना त्याला हे माहीत होते. टेबलाशी बसून लिहिणाऱ्या माणसाला पाऊण आणि अर्धा यांतला फरक ठाऊक असणे ही मला आता पुस्तकातली सगळ्यांत भरवशाची गोष्ट वाटते. झीज मी थोडीच केली. चाकांच्या कमानींखाली धूळ, आणि हौद्याच्या मागच्या फळीवर दोन ओरखडे.

नमुना-अनुवादात आता 'पाऊणटनी पिकअप' आहे. 'पिकअप' तसाच ठेवला. कार्यशाळेतल्या एका मुलीने 'हौदागाडी' सुचवले होते आणि मला ते अजून मधूनमधून खुणावते, पण हौदा म्हटले की शेजारच्या भाषांतल्या वाचकांना हत्ती दिसेल, आणि हत्ती तर टाटांनी आधीच घेतलेला आहे.

गेल्या महिन्यात गाडी बुटांच्या खोक्यात घालून काकांकडे नेली. आता त्यांना एका डोळ्याने दिसत नाही. त्यांनी ती हातात न घेता आधी उलटी करायला सांगितली. पाट्यांवरून करंगळीचे नख फिरवून पाती मोजली. मग खिशातून भिंग काढले, डाव्या पुढच्या चाकाजवळ धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आठ आहेत," ते म्हणाले. "पण वरून तिसरा नीट आवळलेला नाही, ताई."